चेर्डिकचा बाप कोण? सॅक्सन राजांच्या वंशावळीतले सांधे

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी वारस नोंदीसाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. वडील, आजोबा, पणजोबा इथपर्यंत पेन भरभर चाललं. पणजोबांच्या वडिलांपाशी अडलं. आत्या म्हणाली राणोजी, चुलत आजोबा म्हणाले राघोजी, आणि मोठे काका वैतागून म्हणाले, "लिही रे कुठलंही, तपासतंय कोण?"

काकांचं ते वाक्य मला ६ मे २०२३ ला, इंग्लंडच्या तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, पुन्हा आठवलं. त्या सुमारास मोबाइलवर एक उभा तक्ता फिरत होता. तळाला चार्ल्स, बराच वर आल्फ्रेड राजा, त्याच्या वर चेर्डिक नावाचा कोणी सरदार आणि अगदी टोकाला वोडन. हा वोडन म्हणजे ज्याच्या नावावरून इंग्रजीतला वेन्सडे आला तो देव. तळाच्या माणसाचा जन्मदाखला मिळेल, टोकाचा तर माणूसही नाही. मग हा तक्ता नेमका कुठे खरा असायचा थांबतो?

आधी थोडी पार्श्वभूमी

इसवी सन ४१० च्या आसपास ब्रिटनमधला रोमन कारभार संपला. त्यानंतर आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन, ज्यूट असे लोक समुद्र ओलांडून येत राहिले. त्यांची लहान लहान राज्यं झाली. त्यांतलं नैर्ऋत्येकडचं राज्य वेसेक्स, म्हणजे पश्चिम सॅक्सनांचं राज्य. पुढे याच घराण्यातून सगळ्या इंग्लंडचे राजे निघाले, म्हणून वंशावळीच्या वादात वेसेक्स मध्यभागी असतं.

अडचण अशी की हे लोक आले तेव्हा इतिहास लिहून ठेवत नव्हते. लेखणी आली ती ख्रिस्ती धर्माबरोबर, ५९७ नंतर. वेसेक्सची सलग कहाणी तर आल्फ्रेडच्या काळात, ८९० च्या दशकात, 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या बखरवजा ग्रंथात एकत्र झाली. त्यात सालवार नोंदी आहेत आणि एका प्रसिद्ध हस्तलिखिताच्या सुरुवातीलाच राजावली आहे. राजावली म्हणजे कोण किती वर्षं गादीवर होता याची यादी. वंशावळ म्हणजे कोण कोणाचा मुलगा याची. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि जुन्या लेखनिकांनी त्यांची सरमिसळ केली, इथूनच निम्मा घोळ सुरू होतो.

चेर्डिक किनाऱ्यावर उतरला म्हणतात ते साल ४९५. लिहिलं गेलं त्यानंतर जवळपास ४०० वर्षांनी. मलिक अंबर हयात असताना आपल्या घरात काय घडलं ते आज आपण ऐकीव माहितीवर लिहायला बसलो, तर जे होईल तेच इथे झालं.

एकोणीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा

क्रॉनिकल म्हणतं, ४९५ मध्ये चेर्डिक आणि त्याचा मुलगा क्युनरिक पाच जहाजं घेऊन 'चेर्डिकेसोरा' इथे उतरले. नावाचा अर्थच 'चेर्डिकचा किनारा'. मग ५१४ खाली नोंद येते, की पश्चिम सॅक्सन तीन जहाजं घेऊन चेर्डिकेसोरा इथे उतरले. जागा तीच, घटना तीच, मध्ये १९ वर्षं. राजावलीच्या हिशोबाने चेर्डिकने राज्य घेतलं ५०० मध्ये. सालवार नोंदीत ते घेतलं ५१९ मध्ये. पुन्हा १९.

एकोणीस या आकड्याला आपण अनोळखी नाही. १९ व्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात, कारण सूर्य आणि चंद्र यांची चाल साधारण १९ वर्षांनी एका रेषेत येते. आपण अधिक महिने घालून हाच मेळ बसवतो. ख्रिस्ती लोकांचा ईस्टर हा सण चंद्रावर चालतो, त्यामुळे मठांत पुढच्या ईस्टरच्या तारखांची कोष्टकं १९-१९ ओळींची असत. त्या ओळींच्या समासात साधू एखादी मोठी घटना टिपून ठेवत. जुन्या कागदावरून नवीन कोष्टकात उतरवताना पान चुकलं, की घटना बरोबर १९ वर्षं सरकायची. दोन प्रती हाताशी असलेल्या पुढच्या लेखनिकाला वाटायचं, या दोन वेगळ्या घटना आहेत. तो दोन्ही ठेवायचा.

डेव्हिड डमव्हिल या अभ्यासकाने १९८५ मध्ये राजावलीतल्या कारकिर्दींची बेरीज-वजाबाकी करून दाखवलं, की मूळ यादीत चेर्डिकची कारकीर्द बहुधा ५३८ ते ५५४ अशी असावी. म्हणजे घराण्याचा मूळपुरुष ४० वर्षांनी तरुण झाला. लेखनिकांनी घराणं जुनं दाखवण्यासाठी सालं मागे ओढली, असा त्याचा अर्थ. चेऑलिन या पुढच्या राजाचंच पाहा. राजावलीच्या काही प्रतींत तो ७ वर्षं राज्य करतो, काहींत १७, आणि सालवार नोंदी मानल्या तर ३० हून अधिक.

गावावरून माणूस

आपल्याकडे गावाचं नाव कशावरून पडलं विचारलं की कोणीतरी हमखास एक माणूस काढतं. क्रॉनिकलनेही तेच केलं आहे. ५०१ मध्ये 'पोर्ट' नावाचा माणूस पोर्ट्समथला उतरला, असं ते गंभीरपणे सांगतं. तिथे 'पोर्ट' हा शब्द लॅटिनमधला, बंदर या अर्थाचा. 'आयल ऑफ वाइट' या बेटावर 'विह्टगार' राज्य करतो. बेटाचं नाव त्याच्या आधी रोमनांपासून चालत आलेलं. ५०८ मध्ये नाटनलेओड नावाचा 'ब्रिटन' राजा, म्हणजे सॅक्सनांच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या लोकांचा राजा, ५,००० माणसांसह मारला जातो, आणि त्याच्यावरून त्या भागाला नाव पडलं म्हणे. त्या नावाचा सरळ अर्थ 'ओलसर रान' असा लागतो. रानाला राजा करून मग त्याला ठार मारलं!

मग चेर्डिकही असाच, किनाऱ्याच्या नावातून निघालेला माणूस असेल का? शक्यता आहे. पण त्याच्याबद्दल एक गोष्ट अशी आहे की तो निव्वळ बनावट वाटत नाही. त्याचं नाव सॅक्सन नाहीच. ते ब्रिटनमधल्या मूळ केल्टिक भाषेतलं आहे, वेल्शमधलं 'केरेडिग' हेच ते नाव. सॅक्सन मूळपुरुष कल्पनेतून घडवायचा असता तर त्याला पराभूतांचं नाव कोणी दिलं असतं? त्याच घराण्यात ६८५ मध्ये गादीवर आलेला कॅडवाला, त्याचंही नाव ब्रिटन वळणाचं. शिवाय उतरताना चेर्डिकला क्रॉनिकल राजा म्हणत नाही. 'एआल्डोरमन', म्हणजे सरदार किंवा अधिकारी, म्हणतं. त्याची आई ब्रिटन असेल, किंवा तो स्वतःच जुन्या व्यवस्थेतला स्थानिक अंमलदार असेल. सॅक्सन राजवंशाचा मूळपुरुष अर्धा किंवा पूर्ण ब्रिटन असावा, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत विश्वासार्ह वाक्य वाटतं, कारण ते कोणाच्याच सोयीचं नाही.

दोन कागद शेजारी ठेवल्यावर

आता चेर्डिकच्या वर जाऊ. जुन्या इंग्रजीत बापाचं नाव सांगायला शेवटी '-इंग' लावत, जसं आपण दशरथाचा दाशरथी, पांडूचे पांडव म्हणतो. 'ईडा एओप्पिंग' म्हणजे एओप्पाचा मुलगा ईडा. अशी नावं साखळीने म्हणत जायची.

वेसेक्सची साखळी चेर्डिकपासून वर अशी जाते: चेर्डिक, एलेसा, एस्ला, गिविस, विग, फ्रेआविने, फ्रिथुगार, ब्रँड, बेल्डेग, वोडन.

आता उत्तरेकडच्या बर्निशिया राज्याची, ईडा राजापासूनची साखळी: ईडा, एओप्पा, एसा, इंगुई, आंगेनविट, आलोक, बेनोक, ब्रँड, बेल्डेग, वोडन.

दोन्हींत नावं दहा. वरची तीन जशीच्या तशी. खालून तिसऱ्या जागी एकीकडे एसा, दुसरीकडे एस्ला. केनेथ सिसम यांनी १९५३ मध्ये हे कागद असे शेजारी मांडले आणि निष्कर्ष काढला, की वेसेक्सच्या लोकांनी बर्निशियाचा सांगाडा उचलला आणि मधली काही नावं आपली घातली. मधला 'गिविस' तर चोरी उघडी पाडतो. बीड हा साधू-इतिहासकार सांगतो की पश्चिम सॅक्सनांना पूर्वी 'गेविसे' म्हणत. जमातीच्या नावातून एक आजोबा तयार झाला, एवढंच.

उचलायला कारणही सापडतं. ६३५ मध्ये वेसेक्सच्या कीनेगिल्स राजाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा धर्मपिता म्हणून उभा राहिला उत्तरेचा बलाढ्य राजा ऑस्वाल्ड, आणि त्याने कीनेगिल्सची मुलगी केली. त्या सोयरिकीच्या काळातच वंशावळीही जुळवल्या गेल्या असाव्यात, असा एक तर्क आहे. मोठ्या घरात मुलगी दिल्यावर आपणही मूळचे त्यांच्याच कुळातले निघतो, हे काही फक्त इंग्लंडात घडत नाही.

ही एकट्या वेसेक्सची खोड नव्हे. पूर्व अँग्लियाच्या राजांनी आपल्या वंशावळीत वोडनचा मुलगा म्हणून थेट 'कासेर', म्हणजे सीझर, बसवला आहे. वोडनच्या पोटी सीझर! केंटचे हेंगिस्ट आणि हॉर्सा हे भाऊ वोडनचे खापरपणतू. त्यांच्या नावांचे अर्थ अनुक्रमे 'उमदा घोडा' आणि 'घोडा'. फक्त एसेक्सचे राजे वेगळे. त्यांचा मूळपुरुष सेआक्सनेट, आणि हा देव कल्पनेतला पाहुणा नाही. जर्मनीतल्या सॅक्सनांकडून बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या देवांचा त्याग वदवून घेत, त्या शपथेत 'थोर' नावाचा देव आणि वोडन यांच्यासोबत त्याचंही नाव आहे.

ख्रिस्ती राजांना वोडन कसा चालला?

ही शंका रास्त आहे. लेखनिक मठवासी, राजा देवभोळा ख्रिस्ती, आणि पूर्वज मूर्तिपूजकांचा देव? त्यांनी वोडनला देवपणातून उतरवलं. तो एक पराक्रमी राजाच होता, अडाणी लोक त्याला देव समजून बसले, असं म्हटलं की काम भागलं.

पण वोडन माणूस झाला की त्यालाही बाप लागतो. म्हणून ८५५ च्या नोंदीत, आल्फ्रेडचे वडील एथेलवुल्फ यांच्या संदर्भात, वंशावळ वोडनच्या वर चढत जाते आणि शेवटी आदमपर्यंत पोहोचते. मध्ये नोहा येतो. बायबलमध्ये नोहाचे मुलगे तीन: शेम, हाम, याफेथ. वेसेक्सच्या लेखनिकाने चौथा जन्माला घातला, तोही महापुराच्या वेळी तारवातच. बाकीचे तीन मुलगे इतर देशांच्या वंशावळ्यांनी आधीच वाटून घेतलेले, मग आपल्यासाठी नवीन जागा केली. मला हा लेखनिक फार आवडतो. त्याला बायबल चांगलंच पाठ असणार. कुठे फट आहे ते ठाऊक असल्याशिवाय एवढं धाडस होत नाही.

खरी गाठ मधे आहे

वोडन आणि नोहा सोडून देणं सोपं. इतिहासकार डोकं खाजवतात ते एका साध्या, मानवी सांध्यापाशी. ८०२ मध्ये एग्बर्ट वेसेक्सच्या गादीवर आला. तो आल्फ्रेडचा आजोबा. त्याच्या आधीचा मोठा राजा इने, याने ७२६ मध्ये राज्य सोडून रोमची वाट धरली. इनेचा बाप सेनरेड हे पक्कं आहे, कारण इनेने आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेत 'माझे वडील सेनरेड यांच्या सल्ल्याने' असं म्हटलं आहे. इनेचा भाऊ इंगिल्ड. आणि एग्बर्टची वंशावळ म्हणते: एग्बर्ट, एआल्हमुंड, एआफा, एओप्पा, इंगिल्ड.

या मधल्या एआफा आणि एओप्पाला दुसरा साक्षीदार नाही. इने आणि एग्बर्ट यांच्यामध्ये जे पाच राजे झाले त्यांच्यापैकी काहींबद्दल क्रॉनिकल फक्त एवढंच म्हणतं, की त्यांचं 'थेट पितृकुळ चेर्डिकपर्यंत जातं'. कसं जातं, ते नाही. घराण्यातले आहेत, पण कुठल्या पातीचे ते विचारू नका, असा सूर.

एग्बर्टचे वडील एआल्हमुंड ७८४ मध्ये केंटमध्ये राजा होते. एग्बर्ट हे नावही केंटच्या राजांत चालत आलेलं. आणि ८२५ मध्ये केंट, ससेक्स, सरे, एसेक्स हे प्रांत एग्बर्टला शरण आले तेव्हा क्रॉनिकल कारण देतं, की ते पूर्वी त्याच्या नातलगांकडून अन्यायाने हिरावले गेले होते. नातलग केंटचे! म्हणजे एग्बर्ट मुळात केंटच्या राजघराण्याचा आणि वेसेक्सच्या गादीसाठी इंगिल्डपर्यंतचा धागा नंतर विणलेला, असं म्हणायला जागा आहे.

उलट बाजूने, या घराण्यांत नावांचं आद्याक्षर जुळवायची रीत होती, आणि जुन्या इंग्रजी काव्यात सगळे स्वर एकमेकांशी जुळतात असं मानत. इने, इंगिल्ड, एओप्पा, एआफा, एआल्हमुंड, एग्बर्ट, सगळे स्वराने सुरू होतात. आपल्याकडे जशी नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत वंशाचा माग काढायला कामी येते, तसाच हा पुरावा. अर्थात बनावट करणाऱ्यालाही ही रीत माहीत असणारच. माझा कौल? आईकडून केंट, बापाकडून वेसेक्स, असं काहीतरी असावं. शपथेवर सांगणार नाही.

"पण पाठांतराने वेद टिकले की!"

मराठी वाचक हा आक्षेप घेणारच. वेद टिकले कारण त्यांचे शब्द बदलू नयेत यासाठी पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशी कुलुपं घातली होती. राजाच्या वंशावळीला उलट कुलूप नको असतं. ती आजच्या गरजेला लागू पडली पाहिजे.

आफ्रिकेतलं, आजच्या घानामधलं गोंजा राज्य याचं चांगलं उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तिथली कथा टिपून घेतली तेव्हा राज्याचे सात विभाग होते आणि संस्थापकाला सात मुलगे. साठेक वर्षांनी पुन्हा विचारलं. मधल्या काळात दोन विभाग गेले होते. आता संस्थापकाला पाचच मुलगे होते. कोणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येक पिढी आपल्याला लागेल तेवढं लक्षात ठेवत होती. बर्निशियाचा ब्रँड वेसेक्समध्ये आला तो असाच.

डीएनए काढून का बघत नाहीत?

काढतात. २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मोठा अभ्यास आला. इंग्लंडच्या पूर्व आणि दक्षिण भागांतल्या त्या काळच्या सांगाड्यांत सरासरी ७६ टक्के वारसा उत्तर युरोपातून आलेल्यांचा निघाला. लोक आले, बायकामुलांसह आले, हे त्यातून कळतं. चेर्डिकचा बाप कोण हे कळत नाही, कारण चेर्डिकचं हाड कुठे आहे हेच माहीत नाही. तुलना करायला एक तरी खात्रीचा नमुना हवा.

विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये सहा लाकडी पेट्या आहेत. त्यांच्यावर कीनेगिल्स, एग्बर्ट, एथेलवुल्फ अशी नावं रंगवलेली आहेत. १६४२ मध्ये यादवी युद्धातल्या सैनिकांनी त्या फोडून हाडं विखरून टाकली, मग लोकांनी हाताला लागतील तशी परत भरली. ब्रिस्टल विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये सांगितलं की आत १,३०० हून अधिक हाडं, निदान २३ माणसांची आहेत. पेटीवरचं नाव आणि आतलं हाड यांचा संबंध राहिलेला नाही.

चार्ल्स मात्र आल्फ्रेडचा वंशज आहे, यात शंका नाही. आल्फ्रेडच्या वंशातला राजा एडमंड आयर्नसाइड, त्याची नात मार्गारेट स्कॉटलंडची राणी झाली, तिची मुलगी ११०० मध्ये इंग्लंडच्या पहिल्या हेन्री राजाला दिली, तिथून कागद पक्के आहेत. पण यात फार मिरवण्यासारखं नाही. आल्फ्रेडपासून साधारण ३७ पिढ्या धरल्या, तर त्या पिढीत प्रत्येकाला पूर्वजांच्या जागा भरतात सुमारे १३,७०० कोटी. एवढी माणसंच नव्हती, त्यामुळे तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात, आणि मूळच्या बहुतेक इंग्रजांच्या वंशवृक्षात आल्फ्रेड कुठे ना कुठे बसलेला असणार. फरक एवढाच की त्यांच्याकडे प्रतिज्ञापत्र नाही.

आणि जे सॅक्सन घरीच राहिले?

जर्मनीतल्या सॅक्सनांना राजाच नव्हता. बीड सांगतो, त्यांचे अनेक सरदार असत आणि युद्धाच्या वेळी चिठ्ठ्या टाकून एकाला पुढारी करत. राजा नाही, म्हणून राजाची वंशावळही नाही. फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्याशी लढलेला त्यांचा पुढारी विडुकिंड ७८५ मध्ये शरण येऊन ख्रिस्ती झाला. पुढे जर्मनीचे राजे झालेलं सॅक्सन घराणं सुरू होतं ल्युडॉल्फपासून, मृत्यू ८६६. त्याचा बाप ठरत नाही. नातू हेन्री राजा झाला तेव्हा त्याची बायको माटिल्डा विडुकिंडच्या कुळातली म्हणून सांगण्यात आली. नवऱ्याच्या बाजूला जे नव्हतं ते बायकोच्या बाजूने आलं.

हेन्रीच्या मुलासाठी, ऑटोसाठी, इंग्लंडहून दोन मुली पाठवल्या गेल्या, आल्फ्रेडच्या नाती, निवड करायला. त्याने ईडगिथ निवडली. ती ९४६ मध्ये वारली. २००८ मध्ये माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये तिच्या नावाची शिशाची पेटी उघडली, आत तिशी-चाळिशीतल्या बाईची हाडं होती. दातांच्या इनॅमलमध्ये लहानपणी प्यायलेल्या पाण्याची खूण राहते. ती दक्षिण इंग्लंडच्या चॉकच्या टेकड्यांशी जुळली. बाई वेसेक्सचीच.

तिच्याबद्दल गांडर्सहाइमच्या मठात रोस्विथा नावाच्या साध्वीने पुढे काव्य लिहिलं. हा मठ ल्युडॉल्फनेच स्थापलेला. रोस्विथाने ईडगिथचं कुळ सांगताना चेर्डिकचं नाव घेतलं नाही, आल्फ्रेडचंही नाही. तिने लिहिलं, ही संत ऑस्वाल्डच्या पवित्र वंशातली. तोच ऑस्वाल्ड, बर्निशियाचा, ज्याच्या घराण्याकडून वेसेक्सने तीन शतकांपूर्वी ब्रँड आणि बेल्डेग उसने घेतले असावेत.